बुधवारचा धूर

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार

शेजारच्या क्लावाच्या सौन्यातून, तिच्या वाफेच्या न्हाणीघरातून, धूर. बुधवारी!

आज सण नाही, तिच्याकडे पाहुणा नाही, तिचा वाढदिवस तर मेमध्ये असतो. सौना शनिवारी. माझी आजी शनिवारी, आई शनिवारी, सामुदायिक शेतीच्या काळात तो दारुडा अध्यक्षसुद्धा शनिवारीच अंग धुवायचा. बुधवारी या गावात कुणी सौना पेटवल्याचं मला आठवत नाही.

दोनच्या सुमारास तिचा धूर निघाला. सव्वातीनला ओढ्यापलीकडच्या टेकडीवर, त्या एकट्या लाकडी घरातूनही निघाला. पलीकडे म्हणजे रशियात. मी खिडकीत बटाटे सोलत होते. चार सोलायचे होते, नऊ सोलले.

३ ऑक्टोबर

आर्गो जेवायला आला. चौतिसाव्या वर्षीही माझा मुलगा उभ्यानेच जेवायला बघतो. सीमा चौकीवरची सवय.

म्हणाला, "आई, आठवडाभर फोनचा नकाशा मला पलीकडच्या जंगलात दाखवतोय. ते लोक काहीतरी सोडतात हवेत." आणि हसला. मला हसू आलं नाही. गेल्या महिन्यात त्यांनी ओढ्यातला आपला खुणेचा खांब उपटून नेला, तेव्हाही तो असाच हसला होता. सीमेचं कुंपण अजून इथपर्यंत पोचलेलं नाही. ओढा गुडघाभर पाण्याचा. चार दांडगे लोक उतरले आणि एकाला ओढून पलीकडे घेऊन गेले, तर कोण काय करणार आहे?

"तुझी गस्त कुठल्या वारी असते?" मी सहज विचारलं.

"ते घरी सांगायचं नसतं, आई."

मग सूप संपवता संपवता म्हणाला, "बुधवारी मात्र जेवायला बोलावू नकोस."

एकतीस वर्षं पोस्टात काढली मी. न लिहिलेलं वाचायची सवय आहे.

८ ऑक्टोबर, बुधवार

इकडे २.१०. तिकडे ३.२५.

३.४० ला ओढ्याकाठी दोन हिरवी जॅकेटं आणि कुत्रा. त्यातला उंच तो आर्गो. चालण्यावरून लांबूनही ओळखते मी त्याला. म्हणजे धूर आधी आणि गस्त मागाहून. आर्गो येतोय हे तिकडे आधीच कळतं.

९ ऑक्टोबर

दुकानगाडी आली. आम्ही दोघीच होतो. मी मुद्दाम गाडीवाल्या माइनारसमोर विचारलं, "क्लावा, काल तुझ्याकडे धूर होता गं."

"कसला धूर?" म्हणाली. नजरेला नजर न देता. आणि लगेच माइनारला, "तो परवाचा पाव देऊ नकोस रे मला."

माइनार म्हणतो, "हेल्यू मावशी, पोस्ट बंद झालं, पण दुसऱ्याचं टपाल वाचायचं तुम्ही काही सोडलं नाही." दात काढतोय मेला. काढू दे.

ती खोटं बोलली हे महत्त्वाचं. पन्नास वर्षं आमच्या दोघींत एकच कुंपण. ती आली त्र्याहत्तर साली, पलीकडून, गाई पिळायला. पासपोर्ट अजून करड्या रंगाचा, म्हणजे ना त्यांची, ना आमची. आमची भाषा अजून लंगडत बोलते. मला दूध आलं नव्हतं तेव्हा आर्गो हिच्या गाईच्या दुधावर वाढला, हे खरं आहे. पण ते तेव्हाचं झालं. माणसं बदलतात, आणि टीव्ही तर ती तिकडचाच बघते.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सकाळपासून मुसळधार. तरी तिचा धूर निघाला! असल्या पावसात ओली लाकडं जाळून कोण सौना लावतं?

तिकडून मात्र काही नाही. साडेतीन झाले, चार झाले. क्लावा सफरचंदाच्या झाडाखाली डोक्यावर पोतं घेऊन उभी. नजर पलीकडे. एकदा आत गेली, पुन्हा लाकडं टाकली, पुन्हा बाहेर. अंधार पडेपर्यंत तिथेच होती, भिजत.

साथीदार चुकला वाटतं आज.

१६ ऑक्टोबर

लिहून टाकलं एकदाचं. तारखा, वेळा, दोन्ही घरांच्या जागा. एवढंच. मनाचं काही घातलं नाही. ठळक, सुट्या अक्षरांत, खाली नाव नाही. नाव घातलं तर आर्गोच्या नोकरीत त्याची चर्चा. त्यालाही काही सांगितलं नाही.

कागद घरातलाच. पोस्ट बंद झालं तेव्हा तारेच्या जुन्या फॉर्मांचे तीन गठ्ठे मी घरी आणले होते. वाया गेले असते. अजून संपत नाहीत. वरची छापील पट्टी कातरली. बसने तालुक्याला जाऊन तिथल्या पेटीत टाकलं, पोलिसांच्या नावे.

येताना जरा बरं वाटलं. बेरीच्या पानांचा चहा केला, प्यायले, झोपले दुपारची.

१९ ऑक्टोबर

क्लावाने कुंपणावरून खारवलेल्या काकड्यांची बरणी दिली. "तुझ्याच पद्धतीने केल्यात," म्हणाली. "बघ, मीठ जास्त झालंय का."

आजच का? काही कळलं की काय हिला? बरणी उघडली नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार

आज मी गेले. टॉवेल खांद्यावर टाकला आणि सरळ तिच्या अंगणात. धूर नुकता सुरू झाला होता. पेटलेल्या सौन्याच्या दाराशी आलेल्या माणसाला परत पाठवत नाहीत, ते तिलाही करता येणार नव्हतं.

"आलीस?" म्हणाली. "ये. पण घाम येईल अशी आशा धरू नकोस."

आत गेले तर काय! दगड कोमट. बादलीत पाणी नाही. फळी कोरडी ठणठणीत. चुलीत नुसत्या ओल्या फांद्या, धूर व्हावा म्हणून घातलेल्या. म्हणजे अंघोळीचा काही संबंधच नव्हता. मनातली पाल तीन आठवडे चुकचुकत होती ती उगाच नाही. पळावं असं वाटलं. पण टॉवेल खांद्यावर, आणि ती दारात.

मग ती माझ्याशेजारी फळीवर बसली, अंगात स्वेटर तसाच. सौन्यात बसून भांडायचं नाही आणि खोटं बोलायचं नाही, हे आमच्याकडून ती कधीच शिकली आहे.

"न्यूरा," म्हणाली. "धाकटी बहीण. टेकडीवर राहते. पूल सत्तर मैलांवर, रांगेत आठ तास, माझे हे गुडघे. तीन वर्षांत तोंड पाहिलं नाही तिचं."

"फोन कर की."

"फोन नको म्हणतो तिचा मुलगा. इकडचा नंबर दिसला की त्याला साहेबांना उत्तरं द्यावी लागतात. तिकडे तो तेच करतो जे तुझा आर्गो इकडे करतो. बुधवारी घरी नसतो, गस्तीवर असतो. मग आम्ही पेटवतो. मी पेटवला म्हणजे मी आहे. तिने पेटवला म्हणजे तीही आहे. झालं."

"आणि गेल्या बुधवारी?"

"ताप होता म्हणे. पुलावरून आलेल्या एका बाईने निरोप आणला. आज बघू."

आम्ही बाहेर येऊन बसलो. ३.५० ला टेकडीवर धूर दिसला. क्लावाने नाक पुसलं, म्हणाली, "चहा घेतेस?"

घेतला. खरं असेल. किंवा पढवलेलंही असेल. भाचा गणवेशात, आणि हे ती मला सांगते? सीमेवरच्या पोलिसाच्या आईला? इतकं भोळं कुणी असतं का? रात्रभर दोन्ही बाजूंनी विचार केला. एकदा वाटलं, सकाळी तालुक्याला जाऊन सांगावं की ते पत्र फाडा. पण पेटीत टाकलेलं पत्र परत मिळत नाही. एकतीस वर्षं मीच लोकांना हे सांगत आले.

२४ ऑक्टोबर

राखाडी गाडी तिच्या दाराशी. एक बाई, एक पुरुष. तासभर होते. जाताना बाईने क्लावाशी हस्तांदोलन केलं. काही नेलं नाही.

मी पडदा सोडून बसले होते. माझ्याच घरात!

२५ ऑक्टोबर, शनिवार

क्लावा आली. बसली नाही.

"चांगले लोक होते," म्हणाली. "माझा केक खाल्ला. न्यूराचे फोटो पाहिले. म्हणाले, आजी, तुमच्यावर काही नाही, पण सीमेवर असले इशारे बरे नव्हेत, आता बंद करा."

मी म्हटलं, "कोणी सांगितलं असेल गं त्यांना?" हे माझ्या तोंडून कसं निघालं, देव जाणे.

तिने खिशातून एक घडी काढून टेबलावर ठेवली. काकड्यांची कृती. मीठ किती, बडीशेपेचे देठ किती, माझ्या अक्षरात, वीस वर्षांपूर्वीची. पिवळट कागद. तारेच्या फॉर्मचा.

"त्या बाईच्या फाइलीतून असाच एक कोपरा दिसत होता," ती म्हणाली. "गावात हा कागद आणखी कोणाकडे आहे, हेल्यू?"

चहा विचारायलाही सुचलं नाही.

"मला विचारायचंस," म्हणाली आणि गेली.

विचारलं होतं की! दुकानगाडीपाशी. तेव्हा तू खोटं बोललीस, क्लावा. हे तिला ऐकवायला हवं होतं. आता इथे लिहून काय उपयोग?

२९ ऑक्टोबर, बुधवार

दोन्हीकडे धूर नाही. दिवसभर खिडकीतच होते. क्लावा बाहेर पडली नाही.

२ नोव्हेंबर, रविवार. मृतांचा दिवस

आईच्या कबरीवर मेणबत्ती लावली. वारा नव्हता, पहिल्याच काडीला लागली.

एकोणपन्नासच्या मार्चमध्ये रशियनांनी आईला गाडीत घालून सायबेरियात नेलं, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. हद्दपारीच्या यादीत तिचं नाव गावातल्याच कुणीतरी लिहून दिलं होतं. सात वर्षांनी परत आली, आणि मरेपर्यंत ते नाव कोणी दिलं हे शोधत राहिली. पावाच्या रांगेत उभी असली की एकेक चेहरा निरखायची. मी लहानपणी विचारायची, तो माणूस कसा दिसत असेल? आई म्हणायची, "आपल्यासारखाच. हातात पिशवी असेल."

माझं तसं नाही. मी मुलासाठी लिहिलं. कुणाला गाडीत घालून नेलेलं नाही, केक खाऊन गेले ते. काळ वेगळा, सरकार आपलं. हे सगळं मी आईला तिथे उभं राहून मनातल्या मनात सांगितलं. त्या माणसालाही घरी मुलं असतील, हे तेव्हाच डोक्यात आलं. फार लाज वाटली. मेणबत्ती संपेपर्यंत थांबायचं असतं, मी थांबले नाही.

५ नोव्हेंबर

क्लावा गेली. न्यूराकडे, पूल ओलांडून. दोन पिशव्या आणि पाठीवर एक बोचकं. आर्गो सुट्टीवर होता, त्याने पिशव्या बसपर्यंत नेल्या. त्याला म्हणाली, "बसून जेवत जा रे."

माझ्यासाठी बर्चच्या डहाळ्यांच्या दोन जुड्या आणल्या होत्या, सौन्यात अंगावर मारायच्या. जूनमध्ये बांधून माळ्यावर वाळवलेल्या. तिच्यासारख्या घट्ट जुड्या गावात कुणी बांधत नाही. पानंसुद्धा गळलेली नव्हती.

"परत कधी?" मी विचारलं.

"गुडघ्यांना विचार," म्हणाली. हसलीही थोडी. मग बस आली.

घरी येताना आर्गो म्हणाला, "आई, या वयात ती एकदम का गेली गं?"

"बहीण आजारी आहे," मी म्हटलं. तेही खरंच आहे.

संध्याकाळी काकड्यांची बरणी उघडली. मीठ बरोबर होतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दोन वाजता टेकडीवर धूर!

या वेळी आधी तिकडून. ओल्या फांद्यांचा, दाट, पांढरा. थांबेचना. तीन वाजले, चार वाजले, कुणीतरी पुन्हा पुन्हा टाकतंय चुलीत. जुनी खोड उफाळून आली. वाटलं, आता हा कुणाला इशारा? इकडे तर तिचं कुणीच उरलं नाही. घर बंद, किल्ली माझ्याकडे, मांजर माझ्याकडे. की गावात आणखी कुणी आहे तिचं? माइनार? वेळ लिहून ठेवायला पेन्सिल घेतली.

मग लक्षात आलं. ती टेकडी गावातल्या एकाच खिडकीतून नीट दिसते. आणि त्या खिडकीत कोण बसतं, हे क्लावाला चांगलं माहीत आहे.

अंधार पडेपर्यंत धूर चालू होता. मी पोतं घेऊन सफरचंदाखाली गेले नाही. पण खिडकीतूनही हलले नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दोन वाजता माझा सौना पेटवला. ओल्या फांद्या घातल्या. सव्वातीनला पलीकडून धूर निघाला.

संध्याकाळी आर्गोचा फोन. "आई, आज आपल्याकडून धूर दिसला. बुधवारी?"

मी म्हटलं, "कसला धूर?"