लाल रेषेवरचा कोट

३ जानेवारी
आलो एकदाचा! ताईचं घर झकास आहे. माझ्या खोलीत सकाळचं ऊन येतं आणि शेजारी कुणी गाणं शिकत नाही. मानेच्या दुखण्यामुळे ताईला मागे वळून बघता येत नाही. गाडी मागे घेताना फाटकाचा खांब तिनं दोनदा पाडला, म्हणून तिला धाकट्या भावाची, म्हणजे माझी, आठवण झाली. नोकरीही तिनंच पाहून ठेवलेली: गाड्यांना मागचे कॅमेरे बसवायचं दुकान. पाठशाळेत संस्कृत शिकलो खरा, पण आजवर पोटाला घातलं ते वायरिंगनं.

५ जानेवारी
गिऱ्हाईक म्हणजे एकेक रत्न. देवानं दिलेली मान वळवायची नाही, पण कॅमेरा मात्र रुंद कोनाचा, अंधारात दिसणारा हवा. एका गृहस्थांना पडदा आरशातच पाहिजे, कारण मेहुण्याच्या गाडीत तसा आहे. वायर छताच्या अस्तरातून पुढे आणली, रिव्हर्सच्या दिव्याला जोडली. गिअर पडला की पडद्यावर हिरवी, पिवळी, लाल रेषा. लाल म्हणजे गाडी टेकलीच.
मग दुकानाचा विधी. बसवणाऱ्यानं गाडीमागे तिन्ही रेषांवर उभं राहायचं, बाजूला व्हायचं आणि गिऱ्हाइकानं मोठ्यानं म्हणायचं, ‘गेला.’ मालक हे तोंडावरची माशीही हलू न देता सांगतात.

६ जानेवारी
लोकांच्या गाड्यांच्या पार्श्वभागी ताटकळायला माझा जन्म नाही. लोखंडी स्टँडला माझा करडा कोट घातला, वर हेल्मेट ठेवलं. न्यायशास्त्रातला जुना संशय: समोर दिसतो तो खांब की माणूस? म्हणून याचं नाव स्थाणू, म्हणजे खांब. गिऱ्हाइकं त्याला बघतात आणि गाडी पुढे काढून चालू पडतात. ‘गेला’ म्हणायचा प्रश्नच नाही, तो जातोय कुठे! मालक म्हणाले, अहो शास्त्रीबुवा, उभं केलंत त्याला मोकळं करा, नाहीतर तो उभाच राहील. हसून हसून पोट दुखलं.

११ जानेवारी
तिघे गिऱ्हाईक परत आले. पडद्यावर करडा कोट दिसतो म्हणे, हिरव्या रेषेवर, त्यांच्या घरासमोर. मी भिंगावरची धूळ पुसून दाखवली. मेहुणेवाल्यांनी विचारलं, धूळ हेल्मेट घालते का हो? त्यांच्याकडून एवढ्या बुद्धीची अपेक्षा नव्हती.

१४ जानेवारी
आज मीच पाहिला. पिवळ्या रेषेवर. उतरून बघितलं: मोकळी फरशी, स्टँड कोपऱ्यात उघडा, कोट माझ्या अंगात. मालकांना सांगितलं, भिंग खराब आहे. त्यांनी भिंगाऐवजी माझ्या कोटाकडे बघितलं. मूर्ख माणूस.
कोट घरी माझ्या खोलीतल्या खुंटीला टांगला. मान अवघडली आहे.

१६ जानेवारी
मान डावीकडे वळत नाही. उजवीकडेही नाही. ताई म्हणाली, आता तुलाच बसव एक कॅमेरा. पांढरा अंबाडा सुटेपर्यंत हसली.
दुकानात आज दोन गाड्या. दोन्हींत तो. लालच्या जरा अलीकडे.

१७ जानेवारी, सकाळ
ताईची गाडी, अंगणात. कॅमेरा बसला. ती म्हणत होती, मी राहते की मागे उभी. मी खेकसलो, गारठा आहे, आत हो.
रिव्हर्स टाकला. तो आहे. लाल रेषेवर.
उतरलो — कुणी नाही. बसलो — आहे. पुन्हा उतरलो. नाही. गेला, गेला, गेला — तीनदा म्हणालो, मोठ्यानं, एखाद्या गिऱ्हाइकासारखा. हलत नाही.
नसलेल्यावरून गाडी नेली की संशय फिटेल. वही मांडीवर, पाय ब्रेकवर. उचलायचा, एवढंच.
समोर माझ्या खोलीची खिडकी. खुंटी रिकामी आहे.
कोट — गारठा आहे, मीच तिला —
हाक मारली. घरातून उत्तर नाही.
पडद्यावर आता हेल्मेट नाही. पांढरं काही — केस? मान वळत नाही —
पडद्यावरच्यानं हात वर केला. खांब कधी हात —
गाडी हलते आहे. पाय तर ब्रेकवर