दाराच्या रबराविषयी थोडंसं

बेळगाव,
कोजागरीनंतरचा गुरुवार

तीर्थरूप जयावन्सं यांना वासंतीचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी गुडघे हल्ली वाकत नाहीत, तेवढे वजा करून घ्यावेत.)

बंगळूरला स्वरालीकडे तुमची तब्येत कशी आहे? साखर आटोक्यात आली का? लेक पथ्य फार कडक पाळायला लावते असं ऐकलं. चांगलंच आहे, आपल्या वयाला कुणीतरी डोळे वटारणारं हवंच. इकडे मी ठीक. पत्र पाहून तुम्ही म्हणाल, हिचा फोन बिघडला की काय. फोन शाबूत आहे. पण फोनवर तुम्ही मला एक वाक्य पुरं करू देत नाही, आणि आज मला पुष्कळ वाक्यं पुरी करायची आहेत. बिघडला होता तो फ्रिज.

सुरुवात खंडेनवमीला झाली. त्या दिवशी आपल्याकडे घुरघुरणाऱ्या प्रत्येक वस्तूची पूजा होते हे तुम्हाला सांगायला नको. रिक्षा झाली, पिठाची गिरणी झाली, बोअरचा पंप झाला. यंदा समोरच्या घरात लॅपटॉपलाही लिंबू बांधलं होतं. मी नन्सच्या शाळेत शिकलेली बाई, मला हे कधी पटलं नाही. पण आमची मालुबाई (बेळगुंदीहून धुण्याभांड्याला येते, आणि तिच्यापुढे कॉन्व्हेंटचं काही चालत नाही) कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मिक्सरला कुकू लावलासा, आन एवढ्या मोठ्या फ्रिजला काय बी न्हाय? रुसंल की त्यो, बाई!" मी म्हटलं, रुसायला तो काय जावई आहे? पण दुपारभर तिने भांडी अशी आदळली की शेवटी मी हळदकुंकवाची कोयरी घेऊन उठलेच. फ्रिजला कुंकू लावलं, दार उघडलं आणि अक्षता आत टाकल्या. (देवाला काय गाभाऱ्याबाहेरून टाकतात?) मालुबाईने झेंडूची हातभर माळ दाराच्या वरच्या कोपऱ्यात, रबराखाली घट्ट खोचली. आता पूजेची माळ सुकल्याशिवाय काढायची नाही असा तिचा नियम. साध्या खोलीत माळ दोन दिवसांत सुकते. फ्रिजच्या दारात ती ताजी टवटवीत राहते, हे माझ्यासारख्या शिकलेल्या बाईच्याही ध्यानात आलं नाही. दसरा झाला, सोनं वाटून झालं, माळ आपली हसतेच आहे! आणि दार बोटभर उघडं.

मग व्हायचं तेच झालं. फ्रीजरमध्ये बर्फाला असं पोट सुटलं की त्याची झडप मिटेना. मशीन रात्रंदिवस धापा टाकू लागलं. आणि एका सकाळी भाजीचा ट्रे ओढला तर खाली लाल पाण्याचं तळं! मी किंचाळले. मालुबाईने वाकून पाहिलं आणि शांतपणे निदान केलं, कोहळा फोडायचा राहिला म्हणून हे झालं.

काकतीचा महादेव म्हणून एक मेकॅनिक आहे, त्याला बोलावलं. त्याने उंबऱ्यात चपला काढतानाच सांगितलं, "ग्यास गेलाय, आक्का." फ्रिज अजून त्याने पाहिलाही नव्हता. (आपले डॉक्टर नाही का, गुडघा दाखवला तरी गॅसच म्हणतात.) त्याला चहा पाजून वाटेला लावलं, फ्रिजचा प्लग काढला, गरम पाण्याची पातेली आत ठेवून बर्फ उतरवला आणि स्वतः टॉर्च घेऊन बसले. आत मागच्या भिंतीला, अगदी तळाशी, पाणी वाहून जायला एक भोक असतं. ते मुळी दिसेचना. तेव्हा शाळेत नन्सनी हातात दिलेली क्रोशाची सुई बाहेर काढली. जन्मात तिने टेबलावरचे रुमाल सोडून काही केलं नव्हतं. आता तिने त्या भोकातून माझ्याच अक्षता उपसून काढल्या, फुगून खिरीसारख्या झालेल्या, कुंकवाने लालभडक. पाणी गळगळ वाहून गेलं. मालुबाई म्हणाली, "परसाद म्हना की."

पण रबर गेलं होतं. थंडीने आखडलेली माळ मी रागाच्या भरात ओढली, तिच्याबरोबर रबराचा वरचा कोपराही फाटून हातात आला. बसचं तिकीट दारात धरून दार लावलं, तर तिकीट अलगद निघून आलं. म्हणजे दार नुसतं लागल्याचं नाटक करत होतं. मी रबराला गरम पाण्याने शेकलं, केस वाळवायच्या यंत्राने वारा घातला, व्हॅसलिन चोळलं. बाळंतिणीची इतकी सेवा कुणी केली नसेल. बाकीचं रबर मऊ झालं, फाटका कोपरा काही सांधेना.

आणि इथेच अनय मध्ये पडला. (मालुबाई त्याच्याशी व्हॉट्सॲपवर बोलते, हे मला तेव्हा कळलं.) पुण्याहून हुकूम सुटला: आई, पाडव्याला नवा फ्रिज येतोय, जुना तेच लोक उचलून नेतील. वर कौतुकाने सांगतो, नव्या फ्रिजचं दार कितीदा उघडलं आणि किती वेळ उघडं राहिलं हे त्याच्या मोबाइलवर आपोआप कळत राहील. वन्सं, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीभर मी परक्यांची बोलणी ऐकली (नाइलाजाने), पण माझ्या स्वयंपाकघरात माझ्यावरच कुणी कान लावावा? मागच्या कप्प्यात, कोथिंबिरीच्या डब्याआड, मी वाटीभर खव्याचा कुंदा ठेवते. रोज दुपारी फक्त एक चमचा. (बरं, दोन.) मी इकडे चमचा उचलला की पुण्यात घंटा वाजणार! मी भांडले, रडले, पेन्शनरांच्या स्वातंत्र्यावर भाषण केलं. तेव्हा तो एवढंच कबूल झाला, की पाडव्याच्या आधी जुन्या फ्रिजचं दार नीट लागताना त्याला व्हिडिओवर दाखवायचं, तर नवा रद्द.

कंपनीला फोन लावला. उभा जन्म मी लोकांना थांबा थांबा म्हणत आले; त्या सगळ्यांचे तळतळाट त्या दिवशी एकदम लागले. बासरी ऐकून ऐकून कान बधिर झाल्यावर एक मुलगी आली. मी इंग्रजीत बोलले, ती हिंदीत. मी हिंदीत शिरले तर तिने पिनकोड बघून मला कानडीवाल्या मुलाकडे ढकललं. तो म्हणाला, बिल कोल्हापूरचं आहे, कोल्हापूरला विचारा. कोल्हापूरने सांगितलं, फ्रिज बेळगावात आहे, हुबळीला विचारा. हुबळीने फार अदबीने कळवलं, की हे मॉडेल आता कुठल्याच राज्यात राहिलेलं नाही. चला, निदान एका प्रश्नावर दोन्ही राज्यांचं एकमत झालं.

मग बाजार पालथा घातला. एका दुकानदाराने फुटावर मिळणारं रबर दिलं. कुठल्याही फ्रिजला चालतं म्हणाला. जे कुणालाही चालतं ते कुणालाच नीट बसत नाही, हे लग्नं जुळवणाऱ्यांना विचारावं. महादेवाने ते चिकटवलं. संध्याकाळी चारही कोपरे वर आले, आणि दार मिटावं म्हणून मी त्याला स्टूल लावून, स्टुलावर गव्हाचा डबा ठेवून दोन दिवस काढले. अखेर महादेवाने डोकं खाजवत सांगितलं, "ह्याच मॉडेलचा मेलेला फ्रिज कुटं हाय का बगा, आक्का. त्येचं रबर काढून घालू."

असो. माझं रडगाणं पुरे. तुम्ही तब्येतीला जपा, स्वरालीला अनेक आशीर्वाद. तुमच्या निपाणीच्या घराची काळजी नको. मी येऊन-जाऊन असते, तुळशीला पाणी घातलं आहे.

तुमची लाडकी (असं तुमचे बंधू म्हणत) भावजय,
वासंती

ता. क. : आपण दोघींनी भांडू नये म्हणून तुमच्या बंधूंनी कोल्हापूरहून एकाच टेम्पोतून दोन सारखे फ्रिज आणले होते, एक मला आणि एक तुम्हाला, हे आठवतं ना? तुमचा बंद पडल्यावर तुम्ही त्याचं डाळी ठेवायचं कपाट केलंत. तेव्हा मी जे काही बोलले ते मागे घेते. फारच दूरदृष्टीची कल्पना. त्याच्या दाराचं रबर तुम्ही मला द्यावं अशी नम्र विनंती आहे. डाळींना थंडी लागत नाही.

ता. क. २ : तुम्ही नाही म्हणणार नाही याची खात्री होती, म्हणून परवा महादेवाला निपाणीला घेऊन गेले. किल्ली शेजारच्या अंबुबाईंनी दिली. रबर इथे असं बसलं आहे की आता तिकीट ओढलं तर फाटतं. अनयने व्हिडिओ पाहिला, नवा फ्रिज रद्द. तुमचं कपाट सुंभाने बांधून ठेवलं आहे. उंदरांचा विश्वास नाही, तेव्हा परत आलात की आधी डाळी हलवा.

ता. क. ३ : संतापून फोन उचलण्याआधी एवढं वाचा. तूरडाळीच्या डब्यामागे मला गोकाकच्या त्या डिंक-गुळाच्या करदंटाचा भलामोठा डबा सापडला, अर्धा संपलेला. तुमच्या साखरेचं गणित आत्ता कुठे उलगडलं. स्वरालीला मी अक्षरानेही कळवलेलं नाही, आणि रबराचं तुम्ही अनयला कळवणार नाही अशी आशा आहे. डबा पुरावा म्हणून बेळगावला आणला आहे. पुरावा रोज थोडा थोडा कमी होतो आहे, तरी उत्तर लवकर पाठवावं.