चॅनलमधली अकरा नावे

मी, श्रीमती विभावरी चंद्रहास परचुरे, वय वर्षे अडुसष्ट, व्यवसाय पूर्वी शाळेत गणित शिकवणे आणि नंतर लोकांना मासे धरायला नेणे, राहणार मनुरेवा, ऑकलंड, हे मृत्युपत्र स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. पोटातली गाठ तिथपर्यंत पोचलेली नाही, असे डॉक्टरांनी लेखी दिले आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही, आणि तो आणणे आजवर कुणाला जमलेलेही नाही. २०१२ साली मी आणि माझे पती चंद्रहास यांनी मिळून केलेले मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे. वकीलबाईंनी याची एक पानी इंग्रजी प्रत केली आहे. कोर्टाला ती पुरे. घरच्यांनी ही वाचावी.

कलम १. राहते घर मुलगा सुमेध याला द्यावे. तो लोअर हट गावी राहतो आणि रेल्वेने वेलिंग्टनला ऑफिसला जातो, तेव्हा तो हे घर विकणार हे मला ठाऊक आहे. खुशाल विकावे. फक्त स्वयंपाकघराच्या भिंतीवरचे भरती-ओहोटीचे जुने वेळापत्रक उतरवून त्याने स्वतःकडे न्यावे. त्याची हकीकत त्याला अर्धीच माहीत आहे, म्हणून लिहिते.

२०११ साली चंद्रहासची नोकरी गेली. इंजिनिअर माणूस, वय अठ्ठावन्न. तीन महिने अर्ज करून झाले आणि एक दिवस तो सहा मीटरची अॅल्युमिनियमची बोट घेऊन दारात उभा राहिला. म्हणाला, आपण लोकांना अर्ध्या दिवसाच्या मासेमारीच्या ट्रिपा करू. आम्ही दोघे जन्माचे शाकाहारी. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बोटीचे नाव निशिगंधा ठेवले, कारण त्याने ठरवलेले नाव फारच वाईट होते. स्किपरच्या परीक्षेला दोघे बसलो, मी पास झाले. शिवाय इंजिन बंद करून नांगर टाकला की त्याला मळमळायला लागे. तेव्हा चाक माझ्याकडे, आणि फोन, सँडविच, गळाला आमिष लावणे, गिऱ्हाइकांशी गप्पा हे त्याच्याकडे, अशी वाटणी झाली.

आम्ही वेमथच्या धक्क्यावरून निघत असू. मानुकाऊ खाडीचे पाणी उथळ आहे. ओहोटीला मैलच्या मैल चिखल उघडा पडतो आणि मधून खोल पाण्याचे चॅनल तेवढे वाहते राहतात. पहिल्याच महिन्यात चार जर्मन पाहुण्यांसकट आम्ही चिखलात बसलो. चंद्रहासने आणलेले वेळापत्रक शहराच्या दुसऱ्या अंगाच्या बंदराचे होते, आणि तिथल्या भरतीत आणि इथल्या भरतीत तीन तासांचा फरक. पाणी परत यायला सहा तास. तेवढ्यात एक म्हातारा गुडघाभर चिखलातून, सपाट बुडाची होडी ढकलत, चहाचा थर्मास घेऊन आला. तो हेनारे, इथला माओरी. त्याने आधी सगळ्यांना किआ ओरा असा त्यांचा नमस्कार करून चहा दिला, मग वेळापत्रक हातात घेऊन नीट पाहिले. "चांगलं आहे. पण या पाण्याचं नाही," म्हणाला. चंद्रहासने ते स्वतःला शिक्षा म्हणून भिंतीवर लावले.

पुढे मला पाणी शिकवले ते हेनारेने. रंग कुठे बदलतो, कहावाई मासा कुठे वर येतो, ओहोटी लागल्यावर किती वेळ थांबायचे आणि कधी लोभ सोडून फिरायचे, हे सगळे. त्याची माणसे कितीतरी पिढ्या त्या चॅनलमधले खात आली आहेत. शिकवल्याबद्दल त्याने कधी काही मागितले नाही.

कलम २. निशिगंधा बोट, ट्रेलरसकट, सूनबाई मेधा हिला द्यावी. सुमेधला वडिलांचे पोट मिळाले आहे, त्याला धक्क्यावर उभे राहूनही गरगरते. मेधाचे आणि माझे फारसे जमले नाही, हे दोघींनाही माहीत आहे. तिच्या हातच्या आमटीबद्दल मी २०१३ साली जे बोलले ते मागे घेते. बोट ठेवावी की विकावी ते तिने ठरवावे, पण निळ्या बोटीवाल्या त्या ट्रिपवाल्याला विकू नये. त्याने सात वर्षे रोज सकाळी धक्क्यावर आम्हाला 'करी क्रूझ' म्हणून हाक मारली आणि रोज स्वतःच हसला.

कलम ३. नात ओवी हिला माझी दुर्बीण आणि गवती हॅट. "आजी, यू कॅच हीप्स ऑफ फिश अँड यू डोंट ईवन ईट देम," असे ती मला लहानपणापासून म्हणत आली आहे. तिला मराठी सगळे कळते, पण वाचता येत नाही, म्हणून हे कलम मेधाने तिला वाचून दाखवावे.

कलम ४. चंद्रहासचे मनगटी घड्याळ पुण्याला नणंद सुनीतावन्सं यांच्याकडे पाठवावे. चंद्रहास मार्च २०१४ मध्ये हृदयविकाराने गेला. वन्संचा फोन आला की अस्थी घेऊन ये, नाशिकला विसर्जन करू, माझ्या भावाला त्या मासेमारीच्या बोटीत ठेवू नकोस. मासेमारी हा शब्द त्यांनी असा उच्चारला की मी फोन ठेवून दिला. दुसऱ्याच दिवशी, ओहोटी लागताना, मी एकटीने त्याला वेमथच्या चॅनलमध्ये सोडले. मळमळत असूनही तीन वर्षे तो माझ्याबरोबर तिथेच येत होता. यात प्रेम होते, हट्टही होता, आणि आज वाटते की हट्टच जास्त होता. वन्सं, तुमचे कारण चूक होते, पण तिथे सोडू नकोस हे तुमचे म्हणणे बरोबर होते.

कलम ५. निळी वही हेनारेला द्यावी, माझे दिवस झाल्यावर.

हे कलम लांबणार आहे. गिऱ्हाइके माशांचे मधले मांस घेऊन जात. डोकी आणि काटे मी झाकणाच्या पांढऱ्या बादलीत भरून हेनारेच्या दाराशी ठेवत असे. त्याच्या घरी त्याचा मोठा टोप शिजे, पोरे-नातवंडे जेवत. दुसऱ्या दिवशी बादली धुऊन माझ्या फाटकाशी यायची, कधी तिच्यात रताळी, कधी लिंबे. अशी ती वर्षानुवर्षे जात-येत होती.

चंद्रहासनंतर तीन महिन्यांनी एका मराठी कुटुंबाचा फोन आला. मुलाकडे राहायला आलेले वडील इथेच गेले होते, मुलाला रजा नव्हती, भारतात जाणे जमत नव्हते. काकू, तुम्ही काकांना नेलंत तसं आमच्या बाबांना न्याल का. मी नेले. मग एकाने दुसऱ्याला सांगितले. अर्ध्या दिवसाची ट्रिप म्हणून ते नाव नोंदवायचे. धक्क्यावर कुणी विचारू नये म्हणून मी प्रत्येकाच्या हातात गळ देत असे. झब्ब्यावर लाइफ जॅकेट घातलेली माणसे गळ धरून गप्प बसायची, आणि अस्थींचा कलश असायचा चिली बिनमध्ये, म्हणजे मासे ठेवायच्या बर्फाच्या पेटीत. त्या ट्रिपांचे मी पैसे घेतले नाहीत, म्हणून स्वतःला पुण्यवान समजत होते. प्रत्येकाचे नाव, दिवस आणि जागा वहीत लिहून ठेवली. दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यात गळ टाकायचे आणि डोकी हेनारेच्या घरी पाठवायची.

२०१६ च्या उन्हाळ्यात हेनारेच्या जाळ्यात झेंडूचा हार आणि लाल कापड आले. त्याने ते कापड धुतले, वाळवले, घडी करून माझ्याकडे आणले आणि विचारले, तू पाण्यात कुणाला ठेवलंस का. मी सांगितले, चंद्रहासला. तो पायरीवर बसला. 

"आमच्या ताटात येतं ते तिथून येतं, विभा. तिथे तू गेलेलं माणूस ठेवलंस. विचारलं असतंस तर मी जागा दाखवली असती."

मग त्याने विचारले, एकच ना. मी म्हणाले, एकच. तेव्हा वहीत आठ नावे होती.

मला समजले नाही असे मी म्हणू शकत नाही. माणूस गेला की घरात चूल पेटवायची नाही, शेजाऱ्यांनी पिठलं-भात आणायचा, स्मशानातून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाही, हे मी जन्मभर पाळले आहे. त्याचे म्हणणे याहून वेगळे काय होते? आपल्या घरात जे मी कुणाला करू दिले नसते ते त्याच्या घरात केले, आणि विचारलेही नाही, कारण ते कुणाचे घर आहे हेच मनात आले नाही. पाणी दिसले, वाहते होते, तेवढे पुरले.

हेनारेच्या माणसांनी चॅनलवर जाणे बंद केले. त्याच्या मावशीने, तेव्हा ती सत्त्याऐंशीची होती, काठावर उभे राहून त्यांची प्रार्थना, काराकिया, म्हटली आणि चंद्रहासचे नाव अचूक घेतले. वर्षभर ते मासे दुसरीकडून आणत राहिले. वर्ष संपल्यावर हेनारे माझ्या फाटकाशी आला आणि म्हणाला, आता बादली पाठव. मी पाठवली. मधल्या काळात वहीत आणखी तीन नावे चढली होती. फोनवर लोक रडत आणि मला नाही म्हणता येत नसे. गेल्या वर्षी ट्रिपा बंद करीपर्यंत मी बादली भरून पाठवत होते आणि त्याची नातवंडे जेवत होती. आयुष्यात मी केलेले हे सर्वात वाईट काम.

कलम ६. माझ्या अस्थी सुमेधने त्याच चॅनलमध्ये, चंद्रहासशेजारी सोडाव्यात. जागा वहीच्या पहिल्या पानावर आहे. वही हेनारेला द्यायच्या आधी हे उरकावे.

येथवर १४ जुलै २०१९ रोजी लिहिले.

जोडकलम, दिनांक ४ ऑगस्ट २०१९. कलम ५ आणि कलम ६ रद्द. कारणे पुढीलप्रमाणे.

मेधा पंधरा दिवसांची रजा टाकून माझे करायला आली आहे. मी झोपले असताना तिने हे कागद वाचले. वाचू नयेत असे मी सांगितले नव्हते. संध्याकाळी मऊ भात पुढे ठेवून ती समोर बसली.

"म्हणजे बाराव्या तुम्ही," ती म्हणाली. "आई, तुम्ही गेल्यावर हेनारेंनी हे वाचायचं, आणि मग ओरडायचं कुणावर?"

मी म्हणाले, तुझ्यावर ओरडेल. ती म्हणाली, चालेल, पण चूक माझी नाही. एवढे बोलून तिने माझ्या ताटात तूप वाढले. इतकी वर्षे या मुलीशी मी नुसतीच भांडत राहिले याचे मला वाईट वाटते.

दुसऱ्या दिवशी तिने मला गाडीत घालून हेनारेच्या घरी नेले. वही मी माझ्या हाताने दिली. अकरा, असे सांगितले. तो ओरडला असता तर बरे झाले असते. त्याने चष्मा लावला, वही उघडली आणि एकेका नावावर बोट ठेवून मला म्हणायला लावले. माझ्यामागून तो स्वतःही म्हणत गेला, उच्चार चुकला की थांबून पुन्हा म्हणाला. पाच नावे मी म्हटली, पुढची मेधाने म्हटली. अकरा झाल्यावर तो उठून आत गेला. आतून त्याच्या नातवाचा आवाज आला, मग बंद झाला. हेनारे पांढरी बादली घेऊन बाहेर आला, धुतलेली, आणि ती माझ्या पायाशी ठेवली. तिच्यात काही नव्हते.

तेव्हा मी त्याला विचारले. पाच वर्षांपूर्वी विचारायला हवे होते ते. मला कुठे ठेवू, जागा दाखवशील का.

"आधी अकरा," तो म्हणाला. "मग तुझं बघू."

त्याप्रमाणे ठरवते ते असे. वहीतल्या दहाही कुटुंबांना मेधा फोन करत आहे, पाच झाले. येत्या शनिवारी हेनारेची मावशी काठावर येणार आहे, ज्यांना येता येईल त्यांनी यावे आणि आपल्या माणसाचे नाव स्वतः घ्यावे. चॅनलमधले मासे पुन्हा केव्हा खायचे ते त्यांचे ते ठरवतील, आपल्यापैकी कुणी विचारायला जाऊ नये. माझ्या अस्थी मेधाच्या घरी, लोअर हटला, कपाटात ठेवाव्यात. नाशिकला नेऊ नयेत, कुठल्याही पाण्यात सोडू नयेत. हेनारे जागा दाखवील तेव्हा तिथे ठेवाव्यात. त्याने दाखवली नाही, तर कपाटातच राहू द्याव्यात. अस्थी घरात ठेवल्या तर माणूस अडकून राहतो म्हणतात. राहीन. चंद्रहास तिथे माझ्यावाचून आहे याचे दुःख मला आहे, आणि ते मी कुणावर ढकलत नाही.

बादली मेधाने बोटीबरोबर घ्यावी आणि रिकामी ठेवावी.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, असा इथला कायदा आहे. खालच्या दोघांना काहीही मिळत नाही. एकाला मिळायला हवे होते, पण त्याला देण्यासारखे माझ्याकडे उरले नाही. सगळे कागद मी दोघांना इंग्रजीत वाचून दाखवले आणि त्यांच्या देखत सही केली.

विभावरी चंद्रहास परचुरे
मनुरेवा, ४ ऑगस्ट २०१९

साक्षीदार पहिले: मधू, कोपऱ्यावरच्या डेअरीचे, म्हणजे इथल्या किराणा दुकानाचे, मालक. आमिषाचे गोठवलेले मासे यांच्याच दुकानात, आइस्क्रीमच्या शेजारच्या फ्रीजरमध्ये मिळत.

साक्षीदार दुसरे: हेनारे, वेमथ. सही केल्यावर त्याने आणखी एक ओळ लिहायला सांगितली, ती त्याच्या सहीखाली मराठीत उतरवली आहे: अकरा नावे मी ऐकली. बाराव्याची मला घाई नाही.