गुडघ्याएवढ्या घराचा मनाई हुकूम

खटकचिंचोळी,
ता. २ मे १९८४

ती. अंकुशराव दाजींना बळीरामचा जय भीम.

तब्येत बरी असेल असं समजतो. तुमचे गुडघे दुखतात असं अक्का सांगत होती. त्यांची काळजी घ्या, ते लवकरच कामाला येणार आहेत. जयंतीला माहेरी आलेली अक्का खुशाल आहे. तिला कधी पाठवता, असं विचारणारी तुमची दोन्ही कार्डं मिळाली, त्याचं उत्तर पुढे येईलच. आई रोज तुमची आठवण काढते (कोणत्या शब्दांत, ते लिहीत नाही, तुम्ही या घरचे जावई आहात). रागात पत्र लिहू नये म्हणून चार दिवस थांबलो. चार दिवसांत राग वाढला, म्हणून आता लिहायला बसलो आहे.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगतो, कारण सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नाही. पाच वर्षांपूर्वी सरकारनं नियम काढला, की गायरानाचा तुकडा पाडून बेघरांना घरजागा द्यायच्या. वस्तीतल्या अकरा घरांना जागा मिळाल्या. माझा कागद हातात पडला त्या दिवशी आई जेवली नाही, नुसती जागेवर जाऊन बसली. मी पाया खणला, दगडमातीच्या भिंती गुडघ्यापर्यंत आणल्या आणि आपल्या रीतीप्रमाणे भिंती चढायच्या आधी दाराची चौकट उभी केली. मेणबत्ती लावून वंदना झाली. वर घालायला नऊ पत्रे आणून ठेवले (ते चोरीला जातील म्हणून तुम्ही बीदरला सांभाळायला नेलेत, तेही आठवत असेल). आणि ज्यांची जनावरं त्या गायरानात पिढ्यान्‌पिढ्या फुकट चरतात, त्या वीरभद्रप्पांनी थेट बंगळूरच्या कोर्टात जाऊन त्या नियमावरच स्टे आणला. अकराही घरांना हुकुमाची एकेक इंग्रजी प्रत मिळाली.

आता इंग्रजी वाचणार कोण? बीदरच्या वकिलाकडे वीस वर्षं कारकुनी करणारा जावई घरात असताना दुसऱ्याकडे जाणं आम्हाला कमीपणाचं वाटलं. तुम्ही आलात. कोंबडी कापली. रश्शाचे हात पुसून तुम्ही चष्मा लावलात आणि कागद वरपासून खालपर्यंत मोठ्यानं वाचलात. एका बाजूनं. मग सांगितलंत, "जैसे थे म्हंजे जैसे थे. दगुड हालला तर जेल हाय." एवढ्यावर थांबला असतात तरी चाललं असतं. पण असा हुकूम दर्शनी लावावा लागतो म्हणून तुम्ही आईकडून ज्वारीच्या पिठाची खळ शिजवून घेतलीत आणि तो कागद चौकटीला स्वतःच्या हातानं डकवलात. पावसानं भिजू नये म्हणून मी तसबिरीची काच काढून वर ठोकली (काच बाबासाहेबांच्या तसबिरीची होती, कायद्याचं काम आहे, ते रागावणार नाहीत, हेही तुमचंच म्हणणं).

दाजी, पाच वर्षं मी तो हुकूम पाळला. सारा गाव हसला तरी पाळला. वीरभद्रप्पांची म्हैस रोज भिंत ओलांडून माझ्या माजघरात बसत होती. एकदा तिनं चार दगड पाडले. ते परत लावू का, म्हणून तुम्हाला कार्ड टाकलं, तर तुमचं उत्तर आलं की पडलेले दगड उचलू नयेत, तो पुरावा आहे. तो पुरावा अजून तिथेच आहे, विंचू निघतात त्यातून. शेजारच्या जागेतल्या पिराजीनं आपली प्रत वाचलीच नाही, तंबाखूच्या पुडीला वापरली आणि त्याच वर्षी भिंती चढवल्या. वीरभद्रप्पांनी त्याला दोनदा दम दिला आणि मग गप्प बसले. का गप्प बसले, ते मला आज कळतं. पिराजीनं हुकूम वाचला नाही म्हणून तो पत्र्याखाली झोपतो. मी वाचून घेतला म्हणून माझी आई वयाच्या पंचाहत्तरीत गळक्या खोपटात पावसाळा काढते. आलेल्या माणसानं चौकटीतूनच आत यावं, भिंत ओलांडू नये, असा तिचा दंडक आहे. ते घर आहे म्हणते. संध्याकाळी उंबऱ्यावर बसते आणि विचारते, "बळीराम, ह्याच्या आत एक रात तरी निजायला मिळंल का रं मला?" मी म्हणतो, कोर्टाचा हुकूम आहे. हे उत्तर मी पाच वर्षं दिलं, त्याची मला लाज वाटते.

गेल्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाला, काच फुटली, खळ भिजली आणि कागद सुटून खाली पडला. आईनं तो वाळत घालायला उचलला. तिला अक्षर ओळखता येत नाही, हे तुम्ही चारचौघांत बरेचदा सांगितलं आहे. ती कागद उलटापालटा करून म्हणाली, "ह्या अंगाला बी लिव्हलंय की रं. हे कामून वाचलं न्हाई कुणी?"

पोस्टमास्तर शिवाप्पांकडे पळत गेलो. मागच्या बाजूला तीन ओळी होत्या. ही मनाई आठ आठवड्यांपुरती आहे, मुदत वाढवून घेतली नाही तर ती आपोआप उठेल. दाजी, आठ आठवडे. शिवाप्पांनी त्यांच्या ओळखीनं भालकीच्या तालुका कचेरीतून खात्री करून घेतली, मुदत कुणी वाढवून घेतलेली नाही. वीरभद्रप्पांनी तरी कशाला धडपड करावी? माझ्या भिंती गुडघ्यावरच आहेत, हे त्यांना ओट्यावरून दिसत होतं. मनाई बंगळूरच्या कोर्टानं दोन महिने केली. उरलेली तुम्ही केलीत, खळ लावून.

मला तुमचा राग आला आहे, आणि तो जावयाचा मान ठेवून लिहावा लागतो म्हणून जास्तच आला आहे. कायद्यानं वागावं हे आपण बाबासाहेबांकडून शिकलो, त्यात मी चुकलो असं अजूनही म्हणणार नाही. पण कायदा वाचणाऱ्यानं कागद उलटून बघावा, एवढंही तुम्हाला वीस वर्षांत कुणी शिकवलं नाही का? असो. मोठ्यांना जय भीम, लहानांना आशीर्वाद.

आपला,
बळीराम

ता. क. रविवारपासून भिंती चढवतो आहे. पिराजी मदतीला येणार आहे. वीरभद्रप्पा पुन्हा कोर्टात गेले तर जावोत, त्यांच्या आधी मी छपरापर्यंत जाईन.

ता. क. २. छपरावरून आठवलं. आमचे नऊ पत्रे तुमच्या ओसरीवर चढून पाच वर्षं झाली, असं अक्काच्या तोंडून निघून गेलं. तुम्ही सांभाळ चांगला केलात. ते उतरवून मृगाच्या आत घेऊन या. दगड उचलायला तुम्ही स्वतःही लागाल, पुराव्यापासून सुरुवात करू.

ता. क. ३. (मागच्या बाजूला) अक्काला पाठवण्याबाबत आईचा, म्हणजे तुमच्या सासूबाई चांगुणाबाईंचा, हुकूम झाला आहे: जैसे थे. पत्रे चढून आई आत एक रात निजेपर्यंत लागू. या हुकुमाला आठ आठवड्यांची मुदत नाही. तुम्ही ही बाजू वाचणार नाही अशी अक्काची पैज आहे.