पायऱ्यांच्या बावीचे गाऱ्हाणे

आरोंदा, मे १९५८

तीर्थस्वरूप दाजीमामांना भाचा जयरामचा साष्टांग नमस्कार. मुंबईत डोळ्याचे ऑपरेशन नीट पार पडल्याचे कळून बरे वाटले. पट्टी सुटेपर्यंत हे पत्र मामीकडून वाचून घ्यावे. (मामी, देवाधर्माविषयी काही वावगे आले तरी जसेच्या तसे वाचावे.) माझी प्रकृती उत्तम. उजवा पाय तेवढा पाटावर ठेवला आहे, त्याची हकीकत ओघाने येईल.

यंदा नारूचे पीक भरघोस आहे, पायापायांतून दोऱ्यासारखा किडा डोकावतो आहे. लोक पायऱ्यांच्या बावीत उतरतात, नारूचा पाय गारव्याला पाण्यात सोडून बसतात आणि तेच पाणी घागरीत भरून घरी नेतात. म्हणून पायऱ्या बुजवून रहाट बसवावा आणि पाणी फडक्याने गाळून प्यावे, यासाठी मी देवळात सभा घेतली. ज्यांना कधीच नारू झाला नाही त्यांनी हात वर करा, म्हटले. एकच हात वर आला, शाळेतल्या नव्या मास्तरांचा. परशुराम त्यांना म्हणाला, "मास्तरानू, तुमका येवन पाच म्हयने झाले. वर्स तरी होवंदे." शिवा गवंडी म्हणाला, "नारू काय दुखणा? पाय आसा थंय नारू आसा."

मग मी पेटलो. बुखारा शहराने पायऱ्यांचे तलाव बुजवून नारू कसा हद्दपार केला, इथपासून सुरुवात केली. आता तुम्ही मुंबईला गेल्यापासून देवापुढे गावाचे गाऱ्हाणे घालायला कोणी नाही, आणि माझ्या वक्तृत्वाचे चढउतार थेट तुमच्या गाऱ्हाण्यासारखे आहेत, हे मला कोणी सांगितले नव्हते. "आपण पिढ्यान्‌पिढ्या असेच लंगडत राहणार काय?" असे गरजून मी दम घ्यायला थांबलो, तर अख्खे देऊळ गाऱ्हाण्याला साथ द्यायच्या सवयीने हात जोडून म्हणाले, "व्हय म्हाराजा." "हे किडे पोराबाळांनाही पाजणार काय?" "व्हय म्हाराजा." मी जितका चिडलो तितका होकार वाढला. (एवढी एकमताची सभा मी आजवर पाहिली नाही.) शेवटी आनंदीकाकू जवळ येऊन म्हणाली, "गाऱ्हाणा बरा घातलंस रे, पण नारळ खंय?"

पायऱ्या आहेत तिथेच आहेत. मिरग लागला की शिवा गवंडी थापी टाकून नांगर धरणार, बाव भरणार, आणि आणखी एक वर्ष गाव हेच पाणी पिणार.

तुमचा,
जयराम

ता. क. गाऱ्हाणे म्हणजे सगळ्या गावाने मिळून केलेला आळस, हे माझे मत कायम आहे. तरी पट्टी सुटताच निघावे आणि मिरगाआधी पायऱ्या बुजवण्याचे आणि फडक्याचे गाऱ्हाणे देवापुढे घालावे. तुम्हाला दिलेला होकार लोक पाळतात. नारळ मी आणीन.

आणखी एक. गेल्या उन्हाळ्यात याच देवळात भोळ्या समजुतींवर बोलताना माझा घसा सुकला आणि मी बावीचे तांब्याभर पाणी प्यालो. ते आता घोट्यातून बाहेर येत आहे. रोज थोडे थोडे काडीवर गुंडाळतो. जमल्यास गाऱ्हाण्यात या पायाचाही उल्लेख करावा. नाव घेऊ नये. देव ओळखेल.