ताईचा अँप्लिफायर

४ मार्च

चि. धाकट्यास, ताईचे अनेक आशीर्वाद.

तू तरुणपणी जोडून दिलेला अँप्लिफायर पार्सलने पाठवते आहे. वर्षभरात त्याचा आवाज हळूहळू गोधडीखालून आल्यासारखा झालाय. वरच्या सुरांची झळाळीच गेली. लेक म्हणते, ते धूड मोडीत दे, तळहाताएवढा नवा घेऊन देते. मी म्हटलं, माझ्या भावाचे हात अजून शाबूत आहेत. जुने कंडेन्सर काढ, हवे ते बदल कर, पण माझं दुपारचं ऐकणं मला परत दे. शिकवणीच्या मुलीही हल्ली पुटपुटत गातात. सगळी दुपार धुक्यात गेल्यासारखी वाटते.

माया आहेच, ती अशीच मुरू दे.

तुझी ताई

२१ मार्च

ती. ताईस, धाकट्याचा वाकून नमस्कार.

दोन कंडेन्सर बदलले, एक सांधा पुन्हा डागला आणि तुझीच जुनी टेप लावली. बायको हातातलं काम टाकून दारात उभी राहिली. म्हणाली, वन्सं श्वास घेतात तोसुद्धा ऐकू येतो.

ताई, पुढचं लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. मशीन आलं तेव्हाही ठणठणीत होतं. कंडेन्सर नि सांधा, सगळं तुझ्या समाधानासाठी केलं; पार्सलने परत पाठवतो आहे. मुलीही पुटपुटत नसाव्यात. एकदा कान दाखवून ये. रागावलीस तरी चालेल, पण जा.

रागातही लोभ ठेव.

धाकटा

१८ एप्रिल

चि. धाकट्यास आशीर्वाद.

आठवडाभर तुझ्यावर रुसले, मग गेले. डॉक्टर म्हणाले, वरचे सूर माझ्यापर्यंत पोचतच नव्हते. तिथेच रडू आलं. गाणं शिकवणारीनं आता करायचं काय? लेक हात धरून बसली.

शेवटी नवा अँप्लिफायर घेतलाच. शेंगदाण्याएवढा आहे, कानात बसतो. घरी येऊन पडदा ओढला, तुझं धूड लावलं. त्याच्या काचेच्या नळ्यांतले दिवे तांबूस होत गेले, आणि सूर असे आले, जणू दूर गेलेलं कुणी चालत घरी येतंय. किती वेळ बसले होते, कळलं नाही.

काल एका मुलीला मध्येच थांबवून सांगितलं की तुझा वरचा सूर उतरतोय. तिनं वही मिटली. मग म्हणाली, बाई, तो वर्षभर उतरतोय. तुम्ही काहीच बोलत नव्हता, मला वाटलं, तुम्ही माझी आशा सोडलीत.

आज ती तास संपल्यावरही थांबली आहे. पत्र इथेच आवरते. तिचा सूर लावून घ्यायचाय.

तुझी ताई