आकाशपाळणा उतरवताना

३ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर आपण दुसऱ्याच मिनिटाला भांडतो, म्हणून लिहितेय. कागदावर तुम्हाला मला मध्येच तोडता येणार नाही!

बातमी अशी, की बागेत यंदा एकच मोठं काम होणार. मालकांना तळ्याकाठी उलटी फिरणारी नवी गाडी हवीय. आकाशपाळण्याला नुसता रंग द्यायचा आणि चालवत राहायचं, असं त्यांचं म्हणणं. देखभाल विभागाची प्रमुख म्हणून त्यांनी माझं मत मागितलं. मी लिहून दिलं, की नवी गाडी नंतर. आधी जुना पाळणा उतरवा आणि त्याच जागी नवा उभारा.

तुम्ही अठ्ठावीस वर्षं सांभाळलेला पाळणा आहे तो. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतेय. रागवा, पण तो राग आईवर काढू नका.

लोभ आहेच, तो रागातही असू द्यावा.
तुमची लेक

९ फेब्रुवारी

चि. ठमाबाईस,
अ. उ. आ.

तुझी आई म्हणाली, जेवून मग पत्र वाचा. मी ऐकलं नाही, आणि मग जेवलोही नाही.

अगं, अठ्ठावीस वर्षांत त्या पाळण्यावर कुणाला साधं खरचटलं नाही! चार वर्षांची असताना तू त्यात बसून भोकाड पसरलं होतंस, तेव्हा तुलाही त्याने सुखरूप खाली आणलं. आणि त्याच्यावर घण घालायला माझीच लेक सापडली? वा!

एकच विचारतो. नुसते कागद वाचून ठरवलंस, की हातोडी घेऊन वर चढली होतीस? कागद वाचून ठरवलं असशील तर पुढचं बोलणंच नको.

चिडलोय, तरी आशीर्वादात काटछाट केलेली नाही.
बाबा

१५ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

चढले होते. तुम्ही शिकवलंत तसंच, बाग उघडायच्या आधी, मोटर बंद करून, एकेक बोल्ट ठोकत आणि कान देत. बोल्ट सगळे खणखणीत वाजले. शेवटी मधल्या आसावर ठोकलं, तर तळ्याच्या बाजूला आवाज बद्द आला. तीन दिवस रोज जाऊन ठोकलं. मग तपासणीचं यंत्र मागवलं. मी खूण केली होती तिथेच केसाएवढी चीर निघाली.

मालक म्हणतात, एक हंगाम सहज निघेल, चालवायच्या कागदावर सही कर. मी म्हटलं, ज्या पाळण्यात मी माझ्या भाच्याला बसवणार नाही, त्यावर माझी सही मिळणार नाही. मग म्हणाले, पुढच्या सोमवारपर्यंत विचार कर, नोकरीचाही कर. तोवर पाळणा मी बंद ठेवलाय, चावी माझ्याच खिशात आहे.

बाबा, सोमवारीही मी सही करणार नाहीये. भीती वाटतेय. नोकरीची कमी, तुमची जास्त.

रागावून का होईना, लवकर लिहा.
तुमची लेक

१८ फेब्रुवारी

चि. ठमाबाईस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आईला मोठ्यांदा वाचून दाखवत होतो. अर्ध्यात कागद तिच्या हातात दिला, पुढचं तिने वाचलं.

आता ऐक. निवृत्तीआधीच्या शेवटच्या महिन्यात तो बद्द आवाज मलाही आला होता. तळ्याच्याच बाजूला. मला वाटलं, माझेच कान गेले. बोललो असतो तर म्हातारा झाला म्हणून सगळे हसले असते. गप्प बसलो, निरोपाची भाषणं ऐकली आणि घरी आलो. तीन वर्षं माणसं त्यात बसत होती गं. लाज वाटते मला. हे तुझ्या आईलाही आजच कळलं.

आणि तू? तू तीन दिवस ठोकलंस, खात्री केलीस आणि मालकाला तोंडावर नाही म्हणालीस. अगं, इतका अभिमान वाटतोय की घरात पाय ठरत नाही. कोपऱ्यावरच्या न्हाव्यालासुद्धा सांगून आलो. बिचारा अर्धी दाढी सोडून ऐकत बसला, आणि खुर्चीतलं गिऱ्हाईक माझ्याकडे डोळे वटारून बघत होतं.

मालकांना मी वेगळं पत्र टाकलंय. आवाज कधी आला आणि मी का बोललो नाही, सगळं लिहिलंय. अठ्ठावीस वर्षांचं नाव जाईल, तर जाऊ दे. शेवटी लिहिलंय, की पाळणा उतरवायच्या कागदावर पहिली सही माझ्या लेकीची, तिच्याखाली माझी धरावी.

पाना अजून हातात धरता येतो. उतरवायच्या दिवशी मला बोलाव. तू सांगशील तोच बोल्ट आधी सोडवीन.

तुझ्या हाताखालचा माणूस,
बाबा